पिवळी पडले, पण मेले नाही

मित्रांनो, शाळा सुटली की तलावाच्या पाळीवर दप्तरं फेकून तुम्ही ज्या हिरव्या बैठकीवर लोळता ना, ती बैठक म्हणजे मी. मी एक जुनी हरळी आहे. किती जुनी, ते विचारू नका. आमच्यात वय मोजायची रीत नाही. एक कांडी म्हातारी होते, तिच्या पेरातून दुसरी निघते, आणि दुसरीला पहिलीचं सगळं आठवत असतं. त्यामुळे मी 'मी' म्हणते तेव्हा त्यात माझी आई, आजी, पणजी सगळ्याच आल्या असं समजा.

माणसांचं आणि माझं नातं मोठं विचित्र आहे बरं का. गणपतीच्या दिवसांत बायका पहाटे ओले केस पदरात बांधून येतात, दोन बोटांनी हळूच माझे शेंडे खुडतात आणि मला 'दूर्वा' म्हणतात. किती गोड वाटतं! आणि तीच बाई दुसऱ्या दिवशी वावरात निंदायला बसली की खुरपं आपटत म्हणते, "मेली कोठची हराळी, जाता जात नाई!" बोटं तीच आणि गवतही तेच. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. पुढे मी मनाला लावून घेणं सोडून दिलं. कारण खरं सांगू का, ज्वारीच्या मुळांशी मी भांडतेच. त्यांच्या तोंडचं पाणी मी पिते. मग ज्याची ज्वारी, तो मला आरती थोडाच ओवाळणार?

माझं माहेर इथलं नाही. गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे, त्याच्या खोलगट काठावर मी वाढले. अनसिंगच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या त्याच नाल्यातून उतरून जायच्या. उंच वावरावर थंडी येते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. पण खोलगटात ती पाण्यासारखी साचून राहते. वर गुरं चरायला निघाली, तरी आमच्या अंगावरचं दहिवर सुकलेलं नसायचं. त्या गारठ्यात दुसरी गवतं यायची, दोन वर्षं राहायची आणि एखाद्या हिवाळ्यात निघून जायची. आम्ही मात्र राहिलो.

कशा राहिलो, ते सांगते. आमच्या आज्यांनी एक शिस्त लावून दिली होती. दिवाळीच्या पणत्या लागल्या की पानं वाढवणं बंद! मग ऊन कितीही गोड लागो, पाणी कितीही मिळो, वर एक शेंडा काढायचा नाही. उन्हातून जे मिळेल ते सगळं खाली, जमिनीतल्या कांड्यांत नेऊन ठेवायचं. म्हणून हिवाळ्यात माझी कांडी चावली तर गोड लागते. गोड पाणी साध्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही, एवढंच आमचं शहाणपण. मग थंडी वरची पानं घेऊन जाते. जाऊ द्यायची. पानं पुन्हा येतात.

नाल्याला लागून असलेलं वरचं वावर उकंडरावांचं होतं. गावातला मोठा शेतकरी, अंगाने दणकट, आवाज असा की नाल्यापलीकडची गुरं मान वर करायची. आणि मित्रांनो, या जगात माझा सगळ्यात मोठा वैरी कोण असेल तर ते उकंडराव. त्यांच्या वडिलांनी मला खणलं, आणि वडिलांच्या मागे यांनी खणलं. वैशाखाच्या उन्हात जमीन भाजत असताना हा माणूस कुदळ घेऊन उभा राहायचा, ढेकळं फोडायचा, माझी एकेक कांडी वेचायचा आणि वावराच्या कडेला, धुऱ्यावर ढीग घालून पेटवून द्यायचा. मूठभर माती हातात घेतली की तिच्यात मी आहे का नाही, ते त्यांच्या बोटांना समजायचं. मी त्यांना भ्यायचे, पण मनातून वाटायचं, एवढ्या निगुतीने मला ओळखणारं गावात दुसरं कुणी नाही.

मग ते वर्ष आलं. आषाढात असा पाऊस लागला की तलाव तुडुंब भरला आणि त्याचा मातीचा बांध, म्हणजे ही पाळ, एका बाजूने फुटली. पाळीच्या अगदी खाली सोजरबाईचं घर. नवरा वारलेला, एकुलती लेक कस्तुरा धनजला दिलेली. घराला लागून वांग्या-मिरच्यांचा लहानसा मळा, आणि दारात एक म्हैस. पाण्याच्या लोंढ्यात घराची भिंत बसली, मळा वाहून गेला, आणि म्हैस दाव्यासकट गेली. सोजरबाई आढ्याला धरून राहिली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर तिने चिखलातून आपलं जातं शोधून काढलं, पदराने पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी नव्या भिंतीसाठी माती तुडवायला घेतली. रडणं तिने नंतरसाठी ठेवलं होतं.

पावसाने श्रावणात उघडीप दिली तशी गावाने पाळ पुन्हा बांधायला घेतली. उकंडराव पुढे होते. काळी माती पडली, बैलांनी तुडवली, पाळ उभी राहिली. पण काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ओली असली की गोड बोलते, वाळली की भेगा पडतात. तिला धरून ठेवायला गवत हवं, हे सगळ्यांनाच कळत होतं.

वाशीमचे मुनाफ बागवान तेव्हा तिथल्या एका मोठ्या साहेबाच्या बंगल्याची बाग राखायचे. बोलावल्यावर ते गाडीभर गवत घेऊन आले. अहाहा, काय गवत होतं! रुंद पात, पोपटी रंग, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं मऊ. मुनाफ गाडीवरूनच म्हणाले, "कलकत्त्याकडून आलेलं हाय. मखमल है मखमल! नंगे पाव चला, काटा लागनार नाई." लोक बघतच राहिले. पण गाडीभर गवत पाळीच्या अर्ध्या भागालाच पुरलं. सोजरबाईच्या घराकडची बाजू उघडीच राहिली.

"आता ह्या बाजूले काय लावता?" कुणीतरी विचारलं.

सोजरबाई डोक्यावरची माती टाकून उभी होती. म्हणाली, "हराळी लावा."

उकंडरावांनी वळून पाहिलं. "काय म्हनता वयनी? पुन्हा म्हना."

"हराळी म्हनलं मी, भाऊजी. तुमच्या नाल्याच्या काठची. एवढा पूर आला, सारा काठ खाऊन गेला, पन हराळी व्हती तेवढा काठ जागचा हालला नाई. जाऊन पाहा तुमीच."

"अवं बाप्पा! माह्या बापानं जलमभर खांदली, म्या खांदून राह्यलो, अन् तुमी तिले हातानं लावता? उद्या माह्या वावरात उतरली तं?"

"उतरली तं मी येऊन खांदीन. पन माह्या घरावर पाळ उतरली तं ते खांदाले तुमी येता का?"

सगळे हसले. उकंडराव तेवढे हसले नाहीत. मग पंच एका बाजूला जाऊन बोलले आणि ठरलं ते असं. होळीपर्यंत वाट पाहायची. हरळीने पाळ धरली तर ठीक. नाही धरली तर त्या कच्च्या टोकाला पाळ कापून सांडवा काढायचा, म्हणजे पावसाळ्यात जादा झालेलं पाणी तिथून वाट काढून जाईल. आणि ती वाट नेमकी सोजरबाईच्या घरावरून जात होती.

"तसं झालं तं तुमी कस्तुराकडं जाऊन राहा वयनी," उकंडराव म्हणाले. "जवाई भला मानूस हाय."

सोजरबाईचा चेहरा एकदम उतरला. "लेकीच्या घरी पाहुनी म्हनून दोन दिवस राहाव, भाऊजी. जलम काढाले जात नाई कोनी," ती म्हणाली, आणि टोपलं उचलून निघाली.

मित्रांनो, त्या क्षणी मी नाल्याच्या काठावर आरामात पसरले होते. एका बाईचं घर आपल्या जिवावर टांगलंय याचा मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी बायका विळे घेऊन आल्या. मी जीव मुठीत धरला. पण त्यांनी मला धुऱ्यावर फेकलं नाही. माझ्या कांड्या तोडून शेणामातीच्या काल्यात घोळल्या, पाळीवर पसरल्या, आणि गाणी म्हणत पायांनी दाबल्या. मला लावलं! आजवर मला उपटणारे नाहीतर खुडणारे हातच ठाऊक होते. मला कुणीतरी मुद्दाम रुजवतंय, वरून पाणी शिंपडतंय, हे बघून मी इतकी हरखले की आठ दिवसांत पांढरी मुळं सोडली.

माझ्या शेजारी, पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यावर, मखमल. तिचं कौतुक काय विचारता! येणारा जाणारा तिच्यावर पाय ठेवून बघायचा आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायचा. माझी पात बारीक, रंग राखाडी, अंग काटकुळं. मला हेवा वाटला का? वाटला, कशाला लपवू! पण ती स्वभावाने चांगली होती. दिवसभर बडबड करायची.

कार्तिक लागला. आज्यांची शिस्त आठवून मी पानं वाढवणं थांबवलं. मखमलने विचारलं, "का गं, रुसलीस का? ऊन किती छान पडलंय!"

मी म्हटलं, "थंडी यायची आहे. तूही आता थोडं खाली साठव."

"थंडी म्हणजे काय?" ती म्हणाली. बिचारी जिथून आली तिथे असला गारठा तिने पाहिलाच नव्हता. आणि बंगल्याच्या बागेत चहूकडे भिंती होत्या.

त्यात मुनाफभाईंनी माया केली. आपल्या गवताने गावात नाव काढावं म्हणून दर बाजाराच्या दिवशी ते वाशीमहून यायचे, मखमलला सरकीच्या पेंडीचं पाणी घालायचे, कातरीने शेंडे कापून एकसारखे करायचे. पेंड मिळाली की ती आणखी कोवळी पालवी काढायची. सोजरबाईला त्यांनी विचारलंही, "बाई, तुमच्या हराळीले देऊ का उलसक, जरासं?"

"ऱ्हाऊ द्या मुनाफभाई. तिले आतापावतर कोनी खाऊ घातलं नाई, अपचन व्हईन तिले," सोजरबाई म्हणाली, आणि दोघं खूप हसले. मला जरा राग आला. पण ते बरंच झालं, हे पुढे कळलं.

पौषात आकाश निरभ्र झालं, वारा पडला, आणि एका सकाळी गाव उठलं तर तलावाकाठचं दहिवर गोठून पांढरं झालेलं. म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली, असं कधी पाहिलं नाही. उभ्या तुरी एका दिवसात काळ्या पडल्या. हरभऱ्याचा फुलोरा गेला. घराघरांतून हाय हाय उठली. मला काय झालं ते सांगते. पानांतलं पाणी सुईसारखं टोचायला लागलं. मी आज्यांचं नाव घेतलं आणि पानं सोडून दिली. सगळा जीव खाली कांड्यांत ओढून घेतला आणि गप्प झाले. दुखलं, खूप दुखलं. तिकडून मखमलचा आवाज आला, "मला काहीतरी होतंय गं." मी तिला म्हटलं, "खाली जा, मुळांत जा!" पण तिने खाली काही ठेवलंच नव्हतं. जाणार कुठे ती? नंतर तिचा आवाज आला नाही. अजून हिवाळ्याची पहिली थंडी पडली की मला तो आवाज आठवतो आणि गलबलून येतं.

चार दिवसांनी ऊन तापलं तेव्हा सबंध पाळ पिवळी झाली होती. ती पिवळी आणि मीही पिवळी. वरून बघणाऱ्याला आमच्यात काही फरक दिसत नव्हता.

गावातले पोट्टे, म्हणजे लहान मुलगे, मोठे खूश. सकाळी गोठून पांढऱ्या झालेल्या गवतावर पाय दिला की कुरकुर वाजायचं, म्हणून पाळीवर नाचायला यायचे. सोजरबाई काठी घेऊन धावायची. "उतरा खाली! गोठलेल्या गवतावर पाय देता? मोडते ते बुडापासून! ऊन चढल्यावर या, मंग कितीबी नाचा." पाण्याला जाणाऱ्या बायकांनाही तिने पाळीवरून जाऊ दिलं नाही. बोरीच्या काट्या आडव्या टाकल्या. लोक चेष्टा करायला लागले. एक म्हातारा बोळक्या तोंडाने म्हणाला, "सोजरे, मेलेल्याले कायची राखन वं?" तिने आणखी एक काटी ओढून आडवी टाकली.

पण संध्याकाळी तीच येऊन माझ्याजवळ बसली. पाचोळ्यातून बोटं फिरवली. हळूच म्हणाली, "हराळीबाई, गेली तं नाई ना वं तू? माहं घर हाय तुह्या भरवशावर." मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, अगं आहे मी! पण हिवाळ्यात एक पान हलवायचं बळ माझ्यात नव्हतं. ती उठून गेली. तिला धीर देता आला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

माघ आला. कापसाची वेचणी उरकली होती, गव्हाची सोंगणी, म्हणजे कापणी, लागायला वेळ होता. मजूर मोकळे होते. उकंडरावांनी पाळीवर येऊन माझ्या पानांची मूठ धरली. ती चुरा होऊन हातात आली. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं. आनंद होता तो. अहो, जन्मभराचा वैरी आपसूक मेला तर कुणाला आनंद होणार नाही? गावात तर हसाहशी झाली. जिला मारून मारून सगळे थकले, तिला थंडीने एका आठवड्यात निकालात काढलं! कुणीतरी गूळ वाटला म्हणे.

दुसऱ्या दिवशी सगळे कुदळी घेऊन सांडवा काढायला आले. सोजरबाई पाळीवर आडवी उभी राहिली.

"होळी कोठी झाली, भाऊजी? होळीचा शब्द व्हता."

"वयनी, कायले थांबता?" उकंडराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "जुनी हराळी असती तं म्याच म्हनलं असतं थांबा. पन हे पोर व्हती, पोर. एवढ्या थंडीत उभ्या तुरी जळाल्या. आता मजूर हायत, मंग भेटनार नाईत. पाऊस आल्यावर काय कराव? गाव बुडवाव का?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. खरंच गावाची काळजी होती त्यांना. सोजरबाईने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकही माणूस तिच्या बाजूने बोलला नाही. तिचे डोळे भरून आले, पण तिने मान खाली घातली नाही.

"खांदा मंग," ती म्हणाली. "पन पयली कुदळ तुमी मारा, भाऊजी. माह्या घरातल्याचे तुमी भाऊ लागता. घर मोडाचं असन तं घरच्या मानसानं मोडाव, मजुरानं नाई."

 उकंडरावांनी डोक्याचं पागोटं सारखं केलं, कुदळ उचलली आणि हाणली.

कुदळ पडली ती अडली.

मित्रांनो, सुकलेल्या काळ्या मातीत कुदळ पडली तर ढेकूळ खटकन सुटतं. ते सुटलं नाही. उकंडरावांचे हात थांबले. ते दांड्यातून आलेलं ओढणं त्यांच्या हातांना ओळखीचं होतं. जन्मभर वैशाखात त्यांनी तेच तर अनुभवलं होतं. ते खाली बसले, भेगेत बोटं घातली आणि मला ओढलं. माझी एक कांडी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती नखाने मोडली. आत पांढरी ओल. त्यांनी ती दातांखाली धरली. गोड लागली असणार.

त्यांची पाठ लोकांकडे होती. पाहिलं ते फक्त त्यांनी आणि मी. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. या माणसाने कांडी मातीत टाकून वर पाय दिला असता आणि दुसरा घाव घातला असता, तर कुणाला कळलं असतं? मी मरावी हीच तर त्यांची इच्छा होती. सगळ्या गावात माझी बाजू घेऊ शकेल असा माणूस एकच, आणि तो उकंडराव!

त्यांनी ती कांडी मुठीत घट्ट धरली. मग उठले आणि ओरडले, "ठेवा बे कुदळी खाली! जिती हाय हे."

"काय जिती हाय दादा? पाचोळा झाला तिचा," एक मजूर म्हणाला.

"अबे बह्याडा, जलम गेला माहा हिले खांदता खांदता. तू मले शिकवतं का? मेली असती तं तुह्यापेक्षा जास्त मीच नाचलो असतो." त्यांनी कांडी वर धरली. सगळ्यांनी पाहिली. मग ते सोजरबाईकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "चुकलो वयनी. होळीपावतर थांबाले पायजे व्हतं."

सोजरबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. आषाढापासून ठेवलेलं सगळं रडणं तिने तिथे संपवलं. मग डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली, "मंग जे ढेकूळ हालवलं ते बसवा आता जागेवर. कोन बसवीन ते?"

आणि उकंडरावांनी, मित्रांनो, गुडघे टेकून मला परत मातीत बसवलं. तळव्याने दाबलं. वर ओंजळभर पाणी घातलं. दाबता दाबता पुटपुटत होते, "अठीच राह्यजो. तिकडं वावरात आली तं खबरदार!" मला हसू आवरेना.

गारठ्यामुळे महिनाभर न फिरकलेले मुनाफभाई पुढच्या बाजारी आले. त्यांनी मखमल उकरली, कांडी मोडली. आत तपकिरी भुसा. त्यांनी डोक्याला हात लावला. "माहीच गलती झाली," ते म्हणाले. "थंडीच्या तोंडावर खिलवत राह्यलो मी." सोजरबाईने त्यांना घराकडे नेलं. पहिल्या खेपेला गाडीतून सांडलेली मूठभर मखमल तिने चुलीच्या भिंतीमागे टोचून दिली होती. तिथे दिवसरात्र ऊब. ती तगली होती! मुनाफभाईंनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून वाशीमला नेली. बंगल्याच्या भिंतीआड ती पुन्हा पसरली असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. वाईट नव्हती हो ती. तिला थंडीची ओळख नव्हती, आणि नको त्या वेळी लाड झाले, एवढंच.

होळीच्या आधीच उन्हं तापली आणि मी डोळे उघडले. पाचोळ्यातून हिरवे शेंडे, सुईएवढे. सोजरबाईने पहिल्यांदा पाहिले आणि पाळीवरून अशी हाक मारली की अर्धं गाव धावत आलं. राहिलेल्या अर्ध्या पाळीसाठी उकंडरावांनी स्वतःची गाडी जुंपली. आपल्या नाल्याच्या काठावरून हरळी भरून आणली आणि बायकांबरोबर काल्यात हात घालून लावली. लोक चिडवत होते, "दादा, तुमचा बाप पाहून राह्यला वरून!" ते म्हणत होते, "पाहू द्या. त्याले म्या सांगतो काय सांगाचं ते."

त्या वर्षी पाऊस पुन्हा दांडगा झाला. एका दुपारी तलाव काठोकाठ भरला, लाटा पाळीला धडका देऊ लागल्या. मी एकेका मुळाने माती आवळून धरली. एवढी ताकद मी कधी लावली नव्हती. सारं गाव पाळीवर गोळा झालं. उकंडराव या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. खाली सोजरबाईच्या घरातून धूर निघत होता. ते वरूनच ओरडले, "वयनी, बाहीर निंघा! पानी लय चढलं!"

आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. मग सोजरबाईचा. "मी कायले निंघू? तुमीच खाली या भाऊजी, गरम भाकर हाय. पाळीवर तुमी सोताच्या हातानं लावलेली हाय न हराळी?"

उकंडराव तिथेच थबकले. एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा पायाखाली माझ्याकडे. मग पाळ उतरून खाली गेले आणि सोजरबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसले. पाणी सरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. पाळही हलली नाही.

तर मित्रांनो, दिवाळी जवळ आली आहे. थोड्या दिवसांनी मी पुन्हा पिवळी पडेन. तेव्हा माझ्यावर पेटती काडी टाकू नका, आणि दहिवर वाळल्याशिवाय माझ्यावर धावू नका. मेली म्हणावंसं वाटलंच, तर उकंडरावांनी केलं तसं करा. एक कांडी मोडून बघा. आत पांढरी ओल दिसली, तर ती तिथेच मातीत टोचून घरी जा. आणि फाल्गुनात या, बसायला जागा ठेवते.